जेवलीस का?

गेले दोन वीकएंड हा लेख लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यात सोडून दिला. पहिल्यांदा फारच डॉक्टरी झाला, दुसऱ्यांदा फारच रडका. आज तिसरा प्रयत्न. चहा भरून घेतलाय, फोन पालथा ठेवलाय, बघू जमतंय का.

विषय खाण्याचा आहे. नाही, रेसिपी नाही देत आहे :-) विषय आहे रात्री एक वाजता, दार लावून, एकट्याने, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत खाण्याचा. आणि मग दुसऱ्या दिवशी दिवसभर काही न खाण्याचा.

तर झालं असं. गेल्या दिवाळीनंतर काही कामाने नांदेडला गेलो होतो. माझी भाची तिथे राहते, नीटची तयारी करतेय. ताई अहमदपूरला, म्हणजे बरोब्बर लातूर आणि नांदेडच्या मधे. तिच्या गावातली अर्धी पोरं लातूरला जातात, अर्धी नांदेडला. हिने नांदेड निवडलं, कारण मैत्रीण तिकडे गेली होती. (करिअरचे मोठे निर्णय असेच होतात, आपले तरी कसे झाले?)

ताईने माझ्याबरोबर काही दिलं नव्हतं, कारण चारच दिवसांपूर्वी भाची स्वतः फराळाचा डबा घेऊन रूमवर परत आली होती. तो स्टीलचा मोठा कडीचा डबा तुम्हाला माहीत असेल. चिवडा, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. 'महिनाभर पुरव' अशी ताकीद देऊन दिलेला. मी आपलं सहज म्हणालो, "काढ की ताईच्या हातचा चिवडा." भाचीचा चेहरा पडला. म्हणाली, "संपला मामा." मी म्हणालो, "मैत्रिणींनी फस्त केला वाटतं!" तर गप्पच. आणि मग एकदम रडायला लागली.

तो डबा तिने एकटीने, आल्या त्याच रात्री संपवला होता. सगळा नाही, पण बराचसा. उरलेला सकाळी कचऱ्यात टाकला, 'समोर दिसला की पुन्हा खाईन' म्हणून. आईच्या हातचं कचऱ्यात टाकल्याचं दुःख तिला खाल्ल्याच्या दुःखापेक्षा जास्त होतं.

"थांबायचं म्हणलं तरी हात थांबतच नाही मामा. चव पण लागत नाही. आईला सांगू नका."

हे मी तिला विचारून लिहितोय. दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. ताईला आता सगळं माहीत आहे, ते पुढे येईलच.

हळूहळू बोलली तसं कळलं की हे काही दिवाळीचं नव्हतं. वर्षभर चालू होतं. बिस्किटांचे पुडे, फरसाण, वेफर्स, कोपऱ्यावरच्या दुकानातून थोडं थोडं आणायचं. एकाच दुकानातून रोज आणलं तर दुकानदार काय म्हणेल, म्हणून दोन दुकानं आलटून पालटून. वडलांकडे पैसे मागताना 'झेरॉक्सला लागले'. रिकामे पुडे दप्तरात घालून सकाळी क्लासच्या वाटेवर टाकायचे. आणि दुसऱ्या दिवशी जेवण बंद. मेसवाल्या काकूंनी विचारलं तर 'उपास आहे'.

या 'उपास आहे' वर मी थबकलो. आपल्याकडे हा शब्द किती सोयीचा आहे बघा! मुलीने गुरुवार धरला, चतुर्थी धरली, एकादशी धरली, कुणी हटकत नाही. उलट कौतुकच होतं. आठवड्यातून तीन दिवस न जेवणारी सतरा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि कुणाला दिसत नाही.

आता जरा डॉक्टरी भाग. थोडक्यातच सांगतो.

याला बिंज ईटिंग म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली स्थूल रुग्णांच्या खाण्याच्या सवयींवर लिहिताना याचं वर्णन केलं. १९७९ मध्ये लंडनचे जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिलं. म्हणजे आधी असं भरमसाट खायचं, आणि मग वजन वाढू नये म्हणून उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास असलं काहीतरी करायचं. नुसत्या बिंज ईटिंगला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळाली ती थेट २०१३ साली, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत.

त्यातले निकष वाचण्यासारखे आहेत. दोनेक तासांत, बहुतेक माणसं तेवढ्या वेळात खातील त्यापेक्षा नक्कीच जास्त खाणं, आणि खाताना 'आपला ताबा नाही' ही भावना. शिवाय पाचपैकी किमान तीन गोष्टी: नेहमीपेक्षा भराभर खाणं, त्रास होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं किंवा अपराधी वाटणं. त्याचा मनाला चांगलाच त्रास होत असला पाहिजे, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललेलं असलं पाहिजे.

म्हणजे लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या, हे नव्हे. सेमिस्टर संपल्यावर मित्रांनी मिळून बिर्याणीवर ताव मारला, हेही नव्हे. खाणं किती यापेक्षा ताबा सुटणं आणि लपवणं हे जास्त महत्त्वाचं. माझ्या भाचीला यातलं नेमकं कुठलं लेबल लागतं ते डॉक्टरांनी ठरवलं, मी ते इथे लिहिणार नाही. मुद्दा तो नाहीच.

मुद्दा हा, की मी तिला पहिलं वाक्य काय म्हणालो? सांगायला लाज वाटते. म्हणालो, "अगं, जरा कंट्रोल ठेवायचा." पंधरा वर्षं बग शोधून पोट भरणारा माणूस मी, आणि लक्षण बघून थेट युजरलाच दोष देऊन मोकळा झालो!

मग रात्री ट्रॅव्हल्सने पुण्याला परत येताना झोप लागेना. आणि मला माझं लातूर आठवलं.

मी अकरावी-बारावीला लातूरला होतो. २००१ साली बारावी झालो. तेव्हा 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर मंत्रासारखा म्हटला जायचा. राजर्षी शाहू आणि दयानंद ही कॉलेजं, बोर्डाच्या गुणवत्ता यादीतली नावं, वर्तमानपत्रात फोटो. शाहू कॉलेजचे नावाजलेले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ते विद्यापीठ १९९४ चं. म्हणजे या दोन शहरांचं नातं नीटच्या आधीपासूनचं आहे. पॅटर्न म्हणजे जादू नव्हती. शिस्त होती, जादा तास होते, आणि टेस्ट, टेस्ट, पुन्हा टेस्ट. दुष्काळी भागातल्या, ज्यांच्या घरात आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही अशा पोरांना त्याने डॉक्टर-इंजिनिअर केलं. मी त्यातलाच एक, त्यामुळे त्या पॅटर्नला शिव्या घालायला मी इथे बसलेलो नाही. माझा पगार त्या टेस्टांवर उभा आहे.

पण आमचं खाणं कसं होतं? पोरांचे डबे गावाकडून एस.टी.ने यायचे. निलंगा, उदगीर, औसा, अहमदपूर. आई पहाटे भाकरी थापायची, बाप डबा स्टँडवर नेऊन गाडीत ठेवायचा आणि इकडे पोरगं बसस्टँडवर वाट बघत उभं. गाडी वेळेवर आली तर दुपारी जेवण. गाडी पंक्चर झाली की उपास. ज्यांना डबा नाही त्यांची मेस. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री मेस बंद.

त्या रविवारच्या फीस्टला आमच्यात पैजा लागायच्या. कोण किती पोळ्या खातो, कोण किती गुलाबजाम. पंचवीस-तीस पोळ्या खाणारा पोरगा हिरो. त्याच्या पाठीवर थाप पडायची, 'वाघ आहे वाघ!' त्या वाघांपैकी एकाला मी रात्री मोरीपाशी बसून रडताना पाहिलंय. आम्ही दोघंही त्याविषयी नंतर कधी बोललो नाही. आणि मी स्वतः? घरून आलेला गूळ-शेंगदाण्याचा डबा कुलपात ठेवायचो. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की रात्री दिवे गेल्यावर चाचपडत काढायचो आणि तळ लागेपर्यंत खायचो. दुसऱ्या दिवशी पोट बिघडायचं. मी म्हणायचो, मेसचं तेल खराब आहे. बिचारी मेस!

म्हणजे बघा, मुलगी असली तर 'उपास आहे', मुलगा असला तर 'वाघ आहे'. दोन्हीकडे कुणाला काही दिसत नाही.

आता इथे काही जण म्हणतील (माझी आई म्हणालीच), "हे सगळे पोट भरलेल्यांचे आजार. आमच्या वेळी भूक लागली तर पाणी प्यायचो." आईला हे म्हणायचा हक्क आहे. १९७२ चा दुष्काळ तिने पाहिलाय, सुकडी आणि मिलो खाऊन काढलेले दिवस तिला आठवतात. ज्या मुलखात २०१६ साली प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने लातूरला आणावं लागलं, तिथे 'जास्त खाण्याचा आजार' हा शब्दच चैनीचा वाटतो, हे मला समजतं.

पण हा आजार भरल्या पोटाचा नाही. उलट तो बऱ्याचदा रिकाम्या पोटातून सुरू होतो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायला. शरीराने आणि मनाने धडधाकट अशा ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे त्यांच्या नेहमीच्या जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागली. चिडचिडी, उदास झाली. आणि बंधन उठल्यावर त्यांच्यातले काही जण इतकं खायला लागले की पोट फुटायला आलं तरी भूक भागली असं वाटेना. काहींचं हे महिनोन्महिने चाललं.

त्यांच्यात इच्छाशक्ती कमी होती का? युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार देणारी, त्याची किंमत मोजायला तयार असणारी माणसं होती ती. इच्छाशक्ती हवी तेवढी होती. शरीराने त्यांचं ऐकलं नाही, इतकंच.

आपल्याकडे हा शोध कुणा शहाण्या आजीने आधीच लावून ठेवलाय: एकादशी अन् दुप्पट खाशी. आपण ती म्हण हसण्यावारी नेतो. ती हसण्यासारखी नाही, ती कार्यकारणभाव सांगते. एकादशी धरली म्हणून दुप्पट खाल्लं जातं.

माझ्या कामातलं उदाहरण देतो, म्हणजे ऑफिसातल्या मंडळींना लगेच पटेल. सर्व्हर थोडा स्लो होतो. सगळे क्लायंट टाइमआउट होऊन पुन्हा रिक्वेस्ट टाकतात. त्याने लोड वाढतो, सर्व्हर आणखी स्लो होतो, आणखी रिट्राय. शेवटी सगळं आडवं. पहाटे तीनला उठून आपण बघतो तर मूळ बिघाड किरकोळ असतो, मारलेलं असतं ते रिट्रायने. भाचीचं तेच चाललं होतं. रात्री जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. उपासाने रात्रीपर्यंत भूक साचलेली, मेंदू अन्नावरच अडकलेला. त्यात टेस्टचा निकाल. पुन्हा दार बंद, पुन्हा पुडे, पुन्हा उपास. आणि आपण सल्ला काय देतो? 'कंट्रोल ठेव', म्हणजे 'आणखी उपास कर'. ज्या पॅचने बग आला, तोच पॅच पुन्हा टाका!

मग मी दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. आधी 'कंट्रोल'बद्दल माफी मागितली. मग म्हणालो, डॉक्टरांकडे जाऊच, पण तोवर एक काम कर. रफ वहीच्या मागच्या पानावर लॉग ठेव. वजन लिहायचं नाही, कॅलरी लिहायच्या नाहीत. फक्त किती वाजता खाल्लं, आणि त्याआधी काय झालं. (ही माझी अक्कल नाही. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारासाठी जी उपचारपद्धत बसवली, तिची सुरुवात अशाच नोंदींनी होते.)

तीन आठवड्यांनी तिने फोटो पाठवला. सात रात्री बिघडलेल्या. सातपैकी पाच दिवशी दुपारचं जेवण झालेलंच नव्हतं. आणि तिन्ही रविवार त्यात होते. रविवारी सकाळी टेस्ट, १८० प्रश्न, ७२० मार्क, संध्याकाळी निकाल पालकांच्या मोबाइलवर.

जेवण का बुडलं? एक तर 'काल जास्त झालं म्हणून'. पण दुसरं कारण बघा: क्लास सुटणार पावणेदोनला, मेस बंद होणार दोनला, आणि मधे अर्ध्या तासाचं अंतर. संध्याकाळचं जेवण आठला, मग अभ्यास रात्री एकपर्यंत. आठ ते एक हे पाच तास कशावर काढायचे? झोप कमी पडली की भूक वाढते हे आता शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. म्हणजे सतरा वर्षांचं वाढतं शरीर, दुपारचं जेवण नाही, पाच-साडेपाच तास झोप, रविवारी जाहीर निकाल, आणि खोलीत मोकळं बोलायला कुणी नाही. अशा टाइमटेबलमधून बिंज ईटिंग नाही निघालं तरच आश्चर्य.

माझं मत एवढंच आहे, आणि ते मी जरा जोरात मांडतो: हा मुलांच्या स्वभावातला दोष नाही, हा वेळापत्रकातला दोष आहे. आणि वेळापत्रक बदलता येतं.

नांदेडचं भाग्यनगर घ्या नाहीतर लातूरचा ट्यूशन एरिया घ्या. संध्याकाळी तिथे उभं राहा. दप्तरं अडकवलेल्या हजारो पोरापोरींचा लोंढा दिसेल. या दोन शहरांनी मुलांचं सगळं मोजायला शिकलंय. हजेरी मोजतात, मार्क मोजतात, रँक मोजतात, सोडवलेले प्रश्न मोजतात. फक्त त्या मुलाने दुपारी जेवण केलं का, हे कुणाच्या रजिस्टरात नसतं.

फार मोठं काही करायला नको. बॅच आखतानाच जेवणाचा एक तास खरा जेवणाचा ठेवावा, जायला-यायला वेळ धरून. दुपारी चार-साडेचारला पंधरा मिनिटं मधली सुट्टी असावी, शेंगदाणे-फुटाणे, केळी, वाटीभर सुशीला, काहीही. मेस रात्री थोडी उशिरापर्यंत चालू राहावी, किंवा झोपण्याआधी कपभर दूध मिळावं. रविवारी रात्री मेस बंद ठेवू नये, निदान टेस्टच्या रविवारी तरी. फेअरबर्न यांच्या पद्धतीतला सगळ्यात परिणामकारक भाग कुठलं भारी औषध नाही. दिवसातून तीन जेवणं आणि दोन-तीन छोटी खाणी, ठरल्या वेळी, मधे चारेक तासांपेक्षा जास्त अंतर नाही. बस. आपल्या आज्या याला 'वेळच्या वेळी खा' म्हणतात.

क्लासवाले म्हणतील, वेळ कुठून आणायचा? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त क्लास नको, फार पहाटे किंवा फार रात्री नको, मुलांसाठी समुपदेशनाची सोय हवी. कागदावर हे आहे. त्या पाच तासांच्या बाहेरचा एक तास जेवणाला गेला तर कुणाची सीट जाणार आहे?

आणि आता आपल्याबद्दल. म्हणजे तुम्ही-मी, जे पुण्यात-मुंबईत-बंगळुरात बसलोय आणि सणाला गावी जातो. आपण घरात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य काय बोलतो? "अगं, किती जाड झालीस! मेसचं मानवलं वाटतं." किंवा "अरे, पार वाळलास की!" मुलाच्या शरीरावर बोलणं हा आपल्याकडे 'नमस्कार'चाच एक प्रकार आहे. माझ्या भाचीचा पहिला उपास अशाच एका वाक्यानंतर सुरू झाला होता. एका लग्नात, एका नातेवाइकाने, प्रेमानेच म्हटलेलं. तेव्हा एवढं एक वाक्य गिळायला शिकूया.

दुसरं, डॉक्टर. हा आजार बरा होतो, उपचार आहेत, आणि ते घेण्यात लाज नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जिथे आपली पोरं डॉक्टर व्हायला धडपडतायत तिथेच मानसोपचार विभागही असतो, हे आपल्या लक्षात येत नाही! ते अवघड वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ साली सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि कुणी खाल्ल्यावर मुद्दाम उलट्या काढत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असेल तर वाट बघू नका. त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

ताईला सांगायचं भाचीने स्वतः ठरवलं. मी फक्त शेजारी बसलो. मला वाटलं ताई रागावेल किंवा रडेल. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी रोज फोन करून विचारायले की गं, जेवलीस का म्हणून." आणि भाची म्हणाली, "आणि मी रोज हो म्हणायले."

हे ऐकलं आणि पोटात कालवलं. 'जेवलीस का?' हा आपल्याकडच्या प्रत्येक आईचा पिंग आहे. पलीकडून 'हो' आलं की लाइन चालू आहे एवढंच कळतं. पलीकडची सिस्टिम कुठल्या अवस्थेत आहे ते त्या 'हो' मधून कधीच कळत नाही.

ताईने आता प्रश्न बदललाय. दुपारी सव्वाचारला फोन करते आणि विचारते, "आत्ता काय खायलीस?" भाची चावता चावता उत्तर देते. दोघी दोन मिनिटं बोलतात. मार्कांविषयी नाही, हा नियम आहे. फराळाचा मोठा डबाही बंद झाला. त्याऐवजी छोटे डबे जातात, आठवड्याला एक, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. मेसवाल्या काकूंना सगळं सांगितलं नाही, फक्त 'हिचं दुपारचं ताट झाकून ठेवा' एवढंच सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढंच ना, आधी नाही का सांगायचं?"

सगळं छान झालं असं लिहिणार नव्हतो आणि ते खरंही नाही. मागच्या महिन्यात दोन रात्री पुन्हा गेल्या. पण दुसऱ्या दिवशी तिने उपास केला नाही, सकाळी नाश्ता केला. डॉक्टर म्हणाले की हे जास्त महत्त्वाचं आहे. मलाही पटलं. क्रॅश होणारच, रिट्राय स्टॉर्म होऊ द्यायचा नाही.

असो, फार लांबलं. आज रविवार आहे. नांदेडला, लातूरला टेस्ट झाली असेल, संध्याकाळी निकाल जातील. तुमचंही कुणी तिकडे असेल, भाऊ, बहीण, पुतण्या, भाची. रात्री नऊच्या सुमारास एक फोन करा. मार्क विचारू नका. 'जेवलास का'ही विचारू नका. 'चल, मी पण जेवायला बसतोय, तू ताट घे' म्हणा, आणि बोलत बोलत दोघं जेवा.

मी निघतो. माझा फोन सव्वानऊचा ठरलेला आहे.